माणसं काढायला तो विसरला नव्हता

गेल्या अंकाच्या मधल्या पानावर एगॉन शीले या ऑस्ट्रियन चित्रकाराची दोन छोटी नगरचित्रं छापली होती. एक 'निळ्या नदीकाठचं शहर', १९१० सालचं, कागदावर गवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंगांत केलेलं. दुसरं 'मृत शहर – ३', १९११ सालचं, लाकडी फळीवर तैलरंगात. दोन्हींत गाव एकच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलंय. नाव छापू नका असं दोघा-तिघांनी लिहिलं होतं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : नदी आहे, घरं आहेत, खिडक्या आहेत, पण काठावर माणूस नाही, पाण्यात होडी नाही, साधं कुत्रंसुद्धा नाही. चित्रकाराला माणसं जमत नव्हती, की कंटाळा केला? (निवृत्त अभियंता, कराड)

कराडकरांना हा प्रश्न पडणारच. प्रीतिसंगमावर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, आणि इथे एवढी नदी असून काठ रिकामा!

आधी तुमची शंका फेडते. माणसाचं शरीर रेषेत पकडण्यात शीलेचा हात धरणारे त्या वेळच्या व्हिएन्नात फार थोडे होते. सोळाव्या वर्षी, १९०६ साली, त्याला तिथल्या कला अकादमीत प्रवेश मिळाला. तिथली जुन्या वळणाची शिकवणी न मानवल्यामुळे १९०९ मध्ये तो बाहेर पडला. आज जगभर त्याची ओळख आहे ती वाकड्यातिकड्या, हाडं मोजून घ्यावीत अशा मानवाकृतींसाठीच. त्यामुळे या गावात माणूस नाही तो ठरवून नाही.

आपल्याला हे खटकतं त्याला आपलं शिक्षणही थोडं कारणीभूत आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात मानवाकृती हव्यातच, असा दंडक. नदीकाठ म्हटला की कपडे धुणारी बाई, कळशी घेतलेली बाई, बैल धुणारा गडी आणि कोपऱ्यात वळलेलं झाड. सगळी हयात मी शाळेत हेच शिकवलं आणि पोरांना त्याचे मार्कही मिळवून दिले. त्या परीक्षेपुरतं ते ठीकच होतं.

आता गाव बघू. त्याचं जर्मन नाव क्रुमाउ. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात, दक्षिण बोहेमियात होतं. आज चेक प्रजासत्ताकात चेस्की क्रुम्लोव्ह म्हणून ओळखलं जातं. व्ल्टाव्हा नदी इथे असे मुरडत वळसे घेते की जुनं गाव तीन बाजूंनी पाण्याने वेढलं जातं, बेट व्हायचं जेमतेम राहतं. समोर खडकावर किल्ला. शीलेची आई, मारी, या गावची. वडील डॅन्यूबकाठच्या टुल्न गावात स्टेशनमास्तर होते आणि कुटुंब स्टेशनच्या इमारतीतच राहायचं. मुलगा लहानपणी आगगाड्यांची चित्रं काढत बसायचा. तो चौदा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे व्हिएन्नाला विटून मे १९१० मध्ये दोन मित्रांबरोबर तो आईच्या गावी आला आणि ही नगरचित्रं सुरू झाली.

पुढची हकिगत बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. १९११ च्या मे महिन्यात तो वाली नॉयत्सिल या मैत्रिणीबरोबर क्रुमाउला राहायलाच आला. लग्नाशिवाय एकत्र राहणं, त्यात घरी मॉडेल म्हणून येणारी मुलं-मुली, त्यात बागेत काढलेली विवस्त्र मॉडेलची चित्रं. गाव खवळलं आणि ऑगस्टपर्यंत त्याला चंबूगबाळं आवरावं लागलं. त्यावरून एक सोपी गोष्ट सांगितली जाते : गावाने हाकललं, म्हणून त्याने चित्रात गावच मारून टाकलं. गोष्ट चटपटीत आहे, पण तारखा तिच्या आड येतात. तुम्ही पाहिलेलं निळ्या नदीचं चित्र १९१० चं आहे आणि त्यालाही 'मृत शहर' याच मालिकेत धरतात. म्हणजे भांडणाच्या आधीच वर्षभर गाव रिकामं झालेलं होतं. त्याच १९१० साली त्याने 'मृत आई' नावाचं चित्रही केलंय, हे शेजारी ठेवून बघा. आईचं गाव आणि मृत गाव यांत अभ्यासक नातं शोधतात, ते मला सूडाच्या गोष्टीपेक्षा जास्त पटतं. पण चित्र समजायला तेही लागतंच असं नाही.

कारण खरी करामत उभं राहण्याच्या जागेत आहे. शीले किल्ल्याच्या बाजूच्या उंचीवरून जवळजवळ सरळ खाली बघतोय. वरून पाहिलं की पहिली नाहीशी होते ती गल्ली. दोन छपरांच्या मध्ये ती चिमटून जाते, दिसते ती नुसती काळी फट. माणसं असतात गल्लीत, मग उरणार कुठे? आभाळही नाहीसं होतं, कारण नजर खाली वळलेली आहे. उरतात छपरं, भिंती, खिडक्यांच्या चौकटी आणि भोवती नदी. त्या नदीत त्याने घरांचं प्रतिबिंब घातलेलं नाही. प्रतिबिंब आलं की पाणी पाण्यासारखं दिसतं, वारा आहे की नाही, सकाळ आहे की दुपार, सगळं कळतं. ते काढून टाकल्यावर नदी म्हणजे रंगाचा एक सपाट पट्टा होते आणि त्यात घरांचा पुंजका अडकून बसतो.

इथे एकच माणूस घालून बघा, मनातल्या मनात. 'मृत शहर – ३' जेमतेम ३७ बाय ३० सेंटीमीटरचं आहे. त्यात माणूस मुंगीएवढा आला असता, आणि तरी प्रत्येकाची नजर आधी त्या मुंगीवर गेली असती. हा कोण, कुठे चाललाय, एकटा का? चित्र गावाचं न राहता त्याचं झालं असतं.

आणि माणसांची चाहूल त्याने कायमची पुसली असंही नाही. १९१४ सालच्या 'रंगीत धुण्याची घरं' या चित्रात नदीकाठच्या घरांसमोर दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेत. माणूस एक नाही, पण घराघरातली वर्दळ त्या दोऱ्यांवर लोंबतेय. मला वैयक्तिक हे चित्र 'मृत शहर'पेक्षा मोठं वाटतं. (२०११ मध्ये लंडनच्या लिलावात ते सुमारे २ कोटी ४७ लाख पौंडांना गेलं. माझं मत त्याआधीपासूनचं आहे.) आणि १९१७-१८ मध्ये केलेल्या 'शहराचा शेवट' या चित्रात तर घरांपुढे चिमुकली माणसं चक्क आली आहेत. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्लूच्या साथीत आधी त्याची गर्भार बायको गेली आणि तीन दिवसांनी तो. वय अठ्ठावीस.

प्रश्न : 'निळ्या नदीकाठचं शहर' तुम्ही जलरंगातलं म्हणता, पण त्यात पारदर्शकता कुठे आहे? आमच्या गुरुजींनी पांढरा रंग डबीतून फेकून द्यायला लावला होता. (कलाशिक्षक, इस्लामपूर)

सर, तुमचे आणि माझे गुरुजी एकाच तालमीतले दिसतात. 'पांढरा म्हणजे कागद' हे मीही ऐकत वाढले.

गवाश हा जलरंगच. रंगद्रव्य तेच, बांधायला बाभळीच्या जातीचा डिंक तोच, पातळ करायला पाणी तेच. फरक इतकाच की त्यात रंगद्रव्य दाट असतं आणि बहुधा पांढरा किंवा खडूची पूड मिसळलेली असते, त्यामुळे खालचा कागद झाकला जातो. पारदर्शक जलरंगात उजेड कागदातून येतो, गवाशमध्ये रंगाच्या पृष्ठभागावरून. शाळेत आपण वापरतो ते पोस्टर कलर याच घरातले, जरा स्वस्तातले. एक गंमत तुमच्या पोरांना नक्की सांगा : गवाश वाळला की फिकट छटा थोडी गडद दिसते आणि गडद छटा थोडी फिकट. ओल्या रंगावर भरवसा ठेवला की फसगत ठरलेली. आणि थर फार जाड चढवला की तडकतो.

आपल्याकडे पारदर्शकतेचा आग्रह आला त्याला कारण आहे. जे. जे. स्कूल १८५७ चं, वळण इंग्रजी. त्या परंपरेत आपल्या माणसांनी अशी उंची गाठली की दुसरं काही खरं वाटेना. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या तरुणीचं चित्र आठवा. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आजही लोक त्यासमोर खिळतात, तो उजेड सगळा पारदर्शक जलरंगाचा. असं चित्र घडलं की पांढऱ्या रंगाची डबी कचऱ्यात जाणारच.

पण युरोपात ही सोवळ्याओवळ्याची भानगड नेहमी नव्हती. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात ड्यूरर या जुन्या जर्मन चित्रकाराचं इन्सब्रुक शहराचं जलरंगचित्र आहे, साधारण १४९५ चं, पोस्टकार्डाहून थोडंसंच मोठं. इन नदीच्या काठावर गाव, मागे डोंगर, वर ढग आणि पाण्यात बुरुजांचं प्रतिबिंब. हाच ड्यूरर दुसऱ्या निसर्गचित्रांत पारदर्शक रंगाबरोबर अपारदर्शक रंग बिनदिक्कत वापरतो. नदीकाठच्या शांत गावाचं चित्र त्यामुळे चारशे वर्षं जुनं होतं. शीलेने नवीन केलं ते त्यातून आभाळ, प्रतिबिंब आणि खोली वजा करणं.

आणि इथेच गवाशचं काम पडतं. पारदर्शक रंग आपोआप खोली देतो : लांबचं फिकट, जवळचं गडद, मधे ओलावा. ज्याला खोली नकोच आहे, नदी भिंतीसारखी सपाट हवी आहे, त्याने झाकणारा रंग घेणं हेच शहाणपणाचं. वर काळ्या खडूची रेषा, ती छपराच्या कडेला धरून चालते पण पट्टीने आखल्यासारखी सरळ नाही, थरथरत जाते. घरं जराजरा कललेली दिसतात ती त्या रेषेमुळे. जपानी छापचित्रांचं वेड तेव्हाच्या व्हिएन्नात होतंच. वरून पाहणं, सपाट रंग, ठसठशीत बाह्यरेषा, हे सगळं तिकडून आलेलं. पुढे पुढे तर तो सहीसुद्धा जपानी शिक्क्यासारखी चौकटीत करायला लागला.

तेव्हा सर, पांढऱ्याची डबी परत आणा. फक्त पारदर्शक चित्र बिघडलं की पांढऱ्याने लिंपायचं, ही जी पोरांची खोड आहे तिला माफी नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. मला आमच्या गावाचं असं चित्र काढायचं आहे. मेणवलीच्या घाटावर बसून काढलं, पण ते कॅलेंडरसारखं झालं. काय करू? (विद्यार्थिनी, वाई)

अगं, मेणवलीच्या घाटावर बसलीस की कॅलेंडरच होणार. तो घाट इतक्या जणांनी इतक्यांदा काढलाय आणि सिनेमावाल्यांनी इतका दाखवलाय की डोळ्यांआधी हात चालतो. पायऱ्या, घंटेचं देऊळ, नाना फडणविसांचा वाडा, संपलं.

जागा बदल. घरच्या मोठ्या माणसाला घेऊन पसरणी घाट चढ आणि वाहनांपासून दूर, सुरक्षित जागी थांब. तिथून खाली वाई दिसते आणि कृष्णेचा पट्टा दिसतो. तेवढं लांब नको असेल तर घाटाजवळच्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर जा, परवानगी काढून. आभाळ चौकटीतून पूर्ण बाहेर ठेव. पोस्टकार्डाला चौकोनी खिडकी कापून त्यातून बघ म्हणजे काय घ्यायचं ते ठरवता येईल. छपरं मोजत बसू नकोस, एकमेकांत घुसलेल्या आकारांकडे बघ. पत्रा, कौल आणि स्लॅब यांचे रंग वेगळे असतात, आणि आपल्या गावात निळ्या ताडपत्र्याही असतात, त्या गाळू नकोस. पाण्याच्या टाक्याही असू देत. शीलेच्या गावात त्या असत्या तर त्याने नक्की काढल्या असत्या.

तिथे फक्त रेषा कर. पेन्सिल चालेल, पण खोडरबर घरी ठेवून जा. रंग घरी येऊन भर, एक दिवस जाऊ दे मग. शीलेची मॉडेलची चित्रं अशीच व्हायची : समोर बसवून रेखाटन, रंग नंतर, मॉडेल निघून गेल्यावर. आणि निसर्गचित्राबद्दल १९१३ मध्ये त्याने एका संग्राहकाला कळवलं होतं की अभ्यासासाठी तो समोर बघून काढतो खरा, पण हुबेहूब नकलेत त्याला अर्थ वाटत नाही, आठवणीतून केलेलं चित्र जास्त चांगलं होतं. म्हणजे तू परीक्षेला करतेस तेच स्मरणचित्र, फक्त मार्कांशिवाय.

नदीला पोस्टर कलरचा एकच रंग दे, एका दमात, पाणी जास्त न घालता. कोणता रंग ते मी सांगणार नाही. निळाच पाहिजे असं नाही. पावसाळ्यात कृष्णा निळी असते का? झालेलं चित्र सदराच्या पत्त्यावर पाठव, चांगलं असेल तर छापू. वाईट असेल तर का वाईट ते कळवीन.

प्रश्न : ज्या माणसाला मुलींच्या प्रकरणात तुरुंगात जावं लागलं त्याची चित्रं कौटुंबिक मासिकात छापणं शोभतं का? (वाचक, सोलापूर)

घटना खरी आहे, लपवत नाही. क्रुमाउ सुटल्यावर नॉयलेंगबाख गावी १९१२ मध्ये त्याला अटक झाली. एका अल्पवयीन मुलीला पळवल्याचा आरोप टिकला नाही. मुलांना दिसतील अशी अश्लील चित्रं घरात ठेवल्याबद्दल शिक्षा झाली. सगळे मिळून तो चोवीस दिवस आत होता, आणि न्यायाधीशांनी भर कोर्टात त्याचं एक चित्र जाळलं. चित्र जाळणं मला अडाणीपणाचं वाटतं. पण लहान मुलांना मॉडेल म्हणून बसवणं, त्यांचं ते तसलं चित्रण करणं, हे मलाही चालत नाही. 'काळच तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही, कारण त्या काळच्या गावकऱ्यांनाही ते चाललं नव्हतं. तरी गावाची चित्रं मी छापीन. ती चित्रं म्हणजे त्याच्या बाकीच्या वागण्याचं प्रशस्तिपत्रक नव्हे. तुम्हाला ती बघावीशी वाटत नसतील तर त्यातही गैर काही नाही.

प्रश्न : अशा चित्रकलेचा आपल्याकडे कधी काही संबंध आला का? (पदवी विद्यार्थी, मुंबई)

शीलेची चित्रं तेव्हा इथे आली नव्हती, पण त्याचं गणगोत आलं. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या मंडळींचं प्रदर्शन भरलं. क्ले, कँडिन्स्की यांचे जलरंग त्यात होते आणि ते घडवून आणण्यात व्हिएन्नात शिकलेल्या कला-इतिहासकार स्टेला क्रामरिश यांचा हात होता.

तुझ्या मुंबईचा धागा मात्र जास्त सरळ आहे. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला, त्यानंतर वॉल्टर लँगहॅमर हा ऑस्ट्रियन चित्रकार बायकोसह मुंबईत आला. तो टाइम्स ऑफ इंडियाचा कला संचालक झाला आणि त्याच्या घरी तरुण चित्रकार जमू लागले. एस. एच. रझा त्यांतले एक. रझांची चाळिशीच्या दशकातली मुंबईची जलरंगचित्रं शोधून बघ : ओले रस्ते, गर्दी, झपझप मारलेले फटकारे. मग ते १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि वर्षभरातच 'ओ द कान्य' नावाचं नगरचित्र केलं. कागदावर, गवाशमध्ये. घरांचे कोरे ठोकळे, वर काळा सूर्य आणि माणूस एक नाही. रझांनी शीले पाहून ते केलं असं मी म्हणत नाही. दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी ठेव आणि बघ, एकाने आभाळ गाळलं आणि दुसऱ्याने त्यात काळा सूर्य लटकवला. दोघांपैकी कुणाचं गाव जास्त रिकामं वाटतं ते मला लिहून कळव. माझं मत रझांकडे झुकतं.

प्रश्न : मुलगी म्युनिकला असते, उन्हाळ्यात जाणार आहोत. हे गाव बघण्यासारखं आहे का? (गृहिणी, ठाणे)

जरूर जा. प्रागच्या दक्षिणेला साधारण १७० किलोमीटर. १९९२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे गर्दी मात्र प्रचंड, चित्रातली शांतता तिथे दिवसा मिळणार नाही. मुक्काम केलात तर पहाटे किल्ल्याच्या पुलावर जाऊन खाली बघा, नदीचा वळसा आणि छपरांचा पुंजका तिथून कळतो. जुन्या बिअरभट्टीच्या इमारतीत १९९३ पासून शीलेच्या नावाचं कलाकेंद्र आहे, पण 'मृत शहर – ३' तिथे शोधू नका, ते व्हिएन्नाच्या लिओपोल्ड म्युझियमच्या संग्रहात आहे. व्हिएन्ना करणार असाल तर निघण्यापूर्वी ते चित्र सध्या भिंतीवर लावलेलं आहे का, ते संग्रहालयाकडून विचारून घ्या. आणि चेक प्रजासत्ताकात युरो नव्हे, कोरुना चालते, तेव्हा थोडी सुटी रोकड जवळ ठेवा.